अंबाडी नाक्यावर भेटणाऱ्या रेषा

सहा ऑगस्ट दोन हजार चार, दुपारी सव्वाबारा. चार वर्षांपूर्वी, याच अध्यापक विद्यालयाच्या स्टाफरूममध्ये, माझं शिक्षण संपलं ती वेळ.

सन्माननीय अध्यक्ष पंढरीशेठ, आज सेवानिवृत्त होणारे आमचे गणिताचे केसरीनाथ सर, व्यासपीठावरील पाहुणे आणि बंधुभगिनींनो, नमस्कार. मी मितेश, राहणार दिघाशी. हॉलचं हे नवं लोखंडी दार माझ्या वर्कशॉपमधलं, म्हणून मला दोन मिनिटं मिळालीत.

सरांच्या चाचणीत एक आकृती होती. दोन रेषा, त्यांना छेदणारी तिसरी. एक कोन सत्तर अंशांचा, तर त्याचा व्युत्क्रम कोन किती? अख्ख्या वर्गाने सत्तर लिहिलं. मी लिहिलं, 'रेषा समांतर आहेत असं दिलेलं नाही. कोन सांगता येणार नाही.' वर मस्तीत एक ओळ जोडली, 'या रेषा वाढवल्या तर अंबाडी नाक्यावर भेटतील.' रोज तिथूनच एसटी पकडायचो मी.

हीच ओळ आणखी एका पेपरात निघाली. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या. नाव घेणार नाही. मी तिच्यासाठी वेडा होतो, एवढं पुरे.

सर म्हणाले, "ती हुशार पोरगी, ती कशाला तुझं बघेल? माफीनामा लिही, नाहीतर चालता हो."

ती चपलेच्या पट्ट्याकडे बघत उभी. वाटलं, आता बोलेल. आता बोलेल.

सर, ती कोन गावची! कल्याण रोडवरची मुलगी अंबाडी नाका कशाला लिहील? एवढं तरी विचारायचंत! रेषा दिसायला समांतर, म्हणून समांतर धरल्यात. मी दिसायला टवाळ, म्हणून चोर धरलात.

हसू नका रे मागे. शेठ, बेल नंतर मारा, अर्धा मिनिट हाय अजून.

ते दार बघा. दोन आडव्या पट्ट्या, मधून एक तिरकी. दोन्ही व्युत्क्रम कोन कोनमापक लावून मोजलेत, पन्नास आणि पन्नास. म्हणून पट्ट्या समांतर. आधी मोजायचं असतं, सर.

आता ही चिठ्ठी आली. 'कृपया आवरते घ्या.' अक्षर ओळखलं. जिच्या दोन ओळींसाठी वर्षभर झुरलो, तिने पाठवलेली पहिली चिठ्ठी ही!

आवरतो. सर, शाल शोभते तुम्हाला. आयोजकांचे आभार. सुंदर सूत्रसंचालन करणाऱ्या रुचिकामॅडम, राहणार कोन, यांचे विशेष आभार.

काही जास्त बोललो असेन तर सभागृहाने पोटात घालावं. सरांना माफीनामा मात्र आजही मिळणार नाही.

निघतो. दार ओढून घेतो. आवाज होईल.