पिठाच्या डब्यामागचा डबा

...नाई, वांग्याची भाजी हिरवी असते का जी? तुमीच सांगा! वांगं वरून जांभळं, आतून पांढरं, शिजलं का तपकिरी... हिरवं आलं कुठून त्याच्यात? बरं, वांगं सोडा. वरण हिरवं! चून, म्हणजे पिठलं, तेबी हिरवं! परवा भाकर मोडली तं भाकरीच्या पोटात हिरवे ठिपके! मी कमळाले म्हणलं, कमळा म्हणजे आमची घरवाली, म्हणलं, "काऊन वो, हे काय हाय?" तं म्हणते कशी, "सांबार हाय, जेवा मुकाट्यानं." आता सांबार म्हणजे कोथिंबीर, इतकं तं मलेबी समजते, अन् कोथिंबिरीले वास असते का नाई? का माझं नाक मी मंडईत इकून आलो? मी काई म्हणत नाई... पण याच्यात काईतरी हाय!

थांबा, तुमाले पयलेपासून सांगतो. मी मुखरू. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडचा माणूस, थोडं धानाचं वावर, एक शेळी, एक बायको, एक पोरगी. आता शेळीचं नाव पयले काऊन घेतलं ते पुढं समजन. पोरगी म्हणजे दीपिका. वनरक्षकाच्या भरतीची तयारी करून राह्यली. जंगलात वाघ हाय, अस्वल हाय, अन् आमची पोरगी म्हणते, मले तिथीच नोकरी पायजे! म्हणलं, कर बाई. रोज सकाळी सडकेनं धावाची. अन् एक दिवस धावून आली अन् अंगणातच बसली, तोंड पांढरं फक्क. आरोग्य केंद्रात नेलं, सिस्टरनं बोट टोचून पाह्यलं अन् म्हणाली, "रक्त कमी हाय भाऊ. असंच राह्यलं तं भरतीच्या मैदानात चक्कर येऊन पडन पोरगी." कमळाचं तोंड उतरलं. माझंबी उतरलं, खोटं काऊन बोलू?

सिस्टरनं गोळ्या देल्ल्या, ते ठीक. पण भरतीच्या शिकवणीचे सर, ते बाहेरून आलेले, भल्ले शुद्ध बोलते, ते म्हणते, "काका, नुसत्या गोळ्यांनी काय होणार? डाएट द्या डाएट! बदाम, पनीर, सफरचंद, डाळिंब." म्हणलं, सर, डाळिंब आमच्या घरी कॅलेंडरच्या चित्रात येते, तेबी कॅलेंडर फुकट भेटलं तं! सर हसले. कमळा नाई हसली. ते फक्त म्हणाली, "मी पाहीन सगळं." तुमाले सांगतो, बायको "मी पाहीन" म्हणाली ना, का नवऱ्यानं समजून जावं, आता आपल्याले काई दिसणार नाई.

दुसऱ्याच दिवशी ताटातली तर्री गायब! वांग्यावर बोटभर लाल तेल तरंगाले पायजे का नाई? तेल कुठी? "बाटलीत हाय," म्हणते. बाटलीत काय पाहाले ठेवलं? पांढरा भात गेला, कोंड्यासकटचा लाल भात आला, घास चावता चावता माणसाले म्हातारपण यावं! बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, बारीक मासे, "काट्यासकट चावा, हाडाले चांगले असते." जवसाची चटणी. बरबटीची, म्हणजे चवळीची, उसळ. पावसाळ्यात तरोट्याची भाजी... तरोटा! सडकेच्या कडेनं आपोआप उगवते तो! म्हणलं, "कमळा, आज सडक झाडून आणली काय?" तं म्हणे, "सडकेनंच धावते ना तुमची पोरगी?"

इथपर्यंत मी समजून घेतलं बाप्पा. वावरात पिकते, बांधावर उगवते, बोडीत भेटते, तेच ताटात. इकत आणाचं काम नाई, पोरीच्या अंगाले लागते, चांगलं हाय. पण डबा?

पिठाच्या डब्यामागं एक डबा हाय. मी पाह्यला ना! भाजी उतरवाच्या आधी कमळा इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते, पदरानं कपाळ पुसल्यासारखं करते, अन् डब्यातून चमचाभर हिरवी पावडर भाजीत! अन् डबा परत पिठामागं! म्हणलं, "काय टाकलं वो?"

"मसाला."

"कोणता?"

"घरचा."

"घरचा, तं मले काऊन नाई माईत?"

"तुमाले घरचं काय माईत असते?"

हे उत्तर झालं का जी? अन् दीपिकाकडं पाह्यलं, तं पोरगी नाक धरून घास गिळून राह्यली अन् आईकडं पाहून डोळे मिचकावून राह्यली! मी काई म्हणत नाई... पण याच्यात काईतरी हाय!

मंग मी गेलो डोमाकडं. डोमा म्हणजे माझा लंगोटी यार, पानठेल्यावर बसते, अन् साऱ्या तालुक्याच्या बातम्या याच्या कानातून जाते अन् तोंडातून मोठ्या होऊन बाहेर येते. त्यानं ऐकलं, सुपारी थुकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् मयतीले आल्यासारखा आवाज काढला, "मुखरू... गेलास बे तू!"

"काऊन?"

"दारू सोडवाची पावडर हाय ते! बायका लपून जेवणात टाकते! गोंडपिपरीकडचा माझा साडू माईत हाय ना? वाघासारखा माणूस! त्याच्या बायकोनं तीन महिने वरणातून देल्ली. आता बाटली दिसली का ओकते. लग्नात कोणी रसना सरबताचा गिलास पुढं केला, तं हा मांडवातून पळाला, चप्पल तिथीच!"

आता मी काय दारुडा हाय का जी? मी घेतो कधी, तं मंडईच्या जत्रेले. अन् लग्नात. अन् कोणी वारलं तं दुःखानं, कोणाच्या घरी लेकरू झालं तं आनंदानं. धान कापाचा झाला का थकव्यानं, अन् नाई झाला तं काळजीनं. बस! याले कोणी पिणं म्हणते काय? अन् सरळ सांगाचं ना, सोडा म्हणून! मी नाई म्हणलं असतं, गोष्ट वेगळी. पण वरणातून? आपल्याच वरणातून?

म्हणलं, खरं-खोटं करून पाहू. दिवाळीनंतर मंडई भरली, घरोघरी पाव्हणे, नाटकाचे पडदे बांधून राह्यले. डोमानं मांडवामागं मोहाची बाटली काढली. गिलास नाकाजवळ नेला... अन् पोटात असं ढवळलं, असं ढवळलं! गिलास ठेवून देल्ला. डोमा म्हणे, "पाह्यलं? चढली पावडर!" आता हे खरं हाय का त्याच्या आधी मी भजे खाल्ले होते, आलुबोंडे खाल्ले होते अन् आकाशपाळण्यात बसलो होतो. पण एकदा संशय पोटात शिरला, तं बिचारं पोट काय करन? तेव्हापासून तुमाले सांगतो, गिलास पाह्यला का मले गोंडपिपरीचा साडू दिसाले लागला, बिनचपलेचा!

मंग मी ठरवलं, आता आर नाई तं पार. कमळा नळावर गेली, दीपिका धावाले गेली. डबा काढला. उघडला. गच्च भरून! वास घेतला, गवतासारखा. फेकाचा तं कोणी पाहीन. मंग मी इचार केला, शेळी काई दारू पीत नाई. शेळीले याच्यानं काय होणार? सारा डबा कोंड्यात कालवला अन् शेळीपुढं ठेवला. शेळीनं असं खाल्लं, असं खाल्लं, घमेलं चाटून मले शिंगानं ढोसलं, अजून दे म्हणून! रिकामा डबा परत पिठामागं. अन् बसलो अंगणात बिडी पेटवून, लढाई जिंकल्यासारखा.

संध्याकाळी कमळानं डबा उघडला... अन् मटकन खाली बसली. मले वाटलं, भांडन. मी तयारच होतो, चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. पण ते भांडलीच नाई. डबा उलटा करून पाह्यला, अन् रडाले लागली. अशी, आवाज न करता. माझी बिडी हातातच इझली.

"कुठी गेला शेवगा?" म्हणे.

"कोणता शेवगा?"

"शेवग्याचा पाला! पावसाळाभर तोडला, सावलीत वाळवला, कुटला, वस्त्रगाळ केला. सिस्टरनंच सांगतलं, याच्यानं रक्त वाढते म्हणून. पोरीची धावणी तोंडावर आली, अन् डबा रिकामा! घरामागच्या सांदवाडीतलं झाड तं तुमी सुरवंट झाले म्हणून बुडापासून छाटलं. आता कुठून आणू मी?"

"मंग... मंग लपवत काऊन होती?"

कमळानं डोळे पुसले अन् माझ्याकडं असं पाह्यलं... "पयल्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची भाजी केली होती, तेव्हा ताट सरकवून उठले होते ना तुमी? काय म्हणाले होते? हे शेळीचं खाणं हाय, मी काय शेळी हाव? बाप जेवत नाई म्हणून पोरगीबी जेवे ना. म्हणून लपवून टाकत होती."

तुमाले सांगतो, तेवढ्यात, नेमकं तेवढ्यात, मागून शेळी ओरडली. अशी खुशीत! तोंड हिरवंगार. दीपिका दारातच उभी होती, तिनं शेळीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. "बाबा...?" बस, एवढंच म्हणाली. म्हणजे घरात सगळ्याले माईत होतं, शेळीले सोडून अन् मले सोडून. अन् आता तं शेळीलेबी माईत झालं होतं! चार दिवसांत शेळी अशी उड्या मारे, गोठ्याचं कवाड डोक्यानं उघडे... भरती शेळीची असती ना, तं मेडल घेऊन आली असती! अन् आमची पोरगी सडकेवर एकटीच धावून राह्यली. मले घास गोड लागे ना. वाईट वाटलं जी, लयच वाईट वाटलं.

मंग सुरू झालं माझं पाला मागणं. या दारी, त्या दारी. "बाई, शेवग्याचा पाला हाय काय?" थंडीत शेवगा पिवळा पडते, गळते. जिथी दोन हिरव्या फांद्या, तिथी मुखरू! बोडीच्या पाळीवर एक झाड होतं, पाण्याच्या ओलीनं हिरवं राह्यलेलं. चढलो. आता शेवग्याची फांदी कशी असते हे कोणाले सांगा लागते काय? काडकन! मी पाल्यासकट, फांदीसकट, बोडीच्या गाळात! अन् पाळीवर कोण उभं? डोमा! अन् डोमाची घरवाली! अन् धुणं घेऊन आलेल्या साऱ्या बाया! डोमा म्हणे, "अबे मुखरू, पिऊन चढला काय?" म्हणलं, "नाई बे, मंडईपासून थेंब नाई!"

हेच चुकलं माझं. तोंड बंद ठेवाले पायजे होतं. पण तेव्हा मले पाल्याची पडली होती.

कमळानं तो पाला धुतला, वाळवला, अन् मीच कुटला. लपवाचं आता काई नव्हतं, तं पोरीच्या भाकरीत, माझ्याबी भाकरीत. ताटं साफ! मंग धावणीचा दिवस आला. चंद्रपूरले मैदानाच्या जाळीबाहेर मी अन् कमळा उभे. शिट्टी वाजली अन् मी डोळेच मिटले. कमळानं माझा हात असा दाबला का बोटं दुखाले लागली, म्हणलं, पडली वाटते! डोळे उघडले, तं पोरगी रेषेच्या पलीकडं, कमरेवर हात ठेवून, लाल तोंडानं हसून राह्यली! चक्कर नाई, काई नाई. धावणी पास! मी तिथीच रडलो जी, चार लोकांत. पोरगी आली, म्हणे, "आई, भूक लागली." कमळानं डबा उघडला. हिरवी भाकर. शेजारी एका पोट्टीचा बाप केळं सोलून राह्यला होता, त्यानं भाकरीकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, त्याच्या डोळ्यांत मले ओळखीचा संशय दिसला. म्हणलं, घ्या भाऊ, खाऊन पाहा, काई नाई होत.

इथी संपाले पायजे होतं ना? कुठी संपते!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात डोमाची घरवाली, हातात रिकामा डबा. कमळाच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणते, "बाई, तुमच्या इथली ते पावडर देता काय थोडीशी? मुखरूभाऊ मंडईपासून थेंब घेत नाई म्हणते, स्वतःच सांगत होते, बोडीत पडून! आमच्या याईलेबी वरणातून देतो." मी आतून ओरडलो, "अवं, ते दारूचं नाई, शेवगा हाय शेवगा!" तं म्हणते कशी, "हो भाऊ, त्याईले असंच सांगा लागते." तिच्या मागं अजून एक. तिच्या मागं अजून... साऱ्या गावच्या बाया! अन् कमळा? हसली. फक्त हसली, अन् माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "पाला हे तोडून देते."

तेव्हापासून दर रविवारी मी बोडीवरच्या त्याच झाडावर. आता शेवग्याच्या मधात राहातो, बुडाकडच्या जाड फांदीवर, शिकलो ना. अन् तिथून डोमाचं अंगण दिसते. डोमा जेवाले बसते, वरणाची वाटी उचलते, उन्हात धरते, वास घेते, बायकोकडं पाह्यते, मंग वाटीकडं पाह्यते. अन् परवा त्यानं मले वर पाह्यलं अन् वाटी घेऊन पळतच झाडाखाली आला. "मुखरू, तू आपला माणूस हाय, खरं सांग... मी काई म्हणत नाई, पण याच्यात काईतरी हाय ना बे?"

आता काय सांगू त्याले? शेवगा म्हणलं, तं तो इश्वास ठेवत नाई. अन् दारू सुटते म्हणावं, तं माझी सुटली हे खोटं हाय काय? मी वरून अजून एक फांदी टाकली अन् म्हणलं, "जेव बे, जेव... शेळीले चांगलं मानवलं."