खुरसापुढचा दुसरा आवाज

इनास: ...आणि ठराव क्रमांक दोन, कीबोर्ड बंद. पडद्यावर शब्द दाखवायचे, तेही बंद. यंदा खुरसाच्या सणाला सगळं वाडवडिलांसारखं करायचं. सर्वानुमते मंजूर झालंय, लखूमामा.

लखू: बरं झालं की. उभा का? ती सुपारी जरा सारून बस बाजल्यावर.

इनास: समितीचं नावच तसं ठेवलंय. ‘ख्रिस्ती परंपरा पुनरुज्जीवन समिती’. मी सेक्रेटरी.

लखू: रेल्वेतबी क्लार्कच हुतास. रिटायर झालास, पर काखेतली फाइल काय सुटली न्हाई तुझी.

इनास: लोक देवापासून लांब गेलेत मामा. वाडीत आमची बावीस घरं, त्यातली अकरा रविवारी चर्चला फिरकत नाहीत. यादी केलीय मी. जुनी उपासना परत आणली की माणसंही परत येतील, असा समितीचा अंदाज आहे. कंदीलसुद्धा मागवलाय जुन्या पद्धतीचा. ऑनलाइन.

लखू: राकेल मिळतंय व्हय आता?

इनास: सेलवर चालतो. पण दिसतो अगदी जुना.

लखू: हां.

इनास: अडलंय ते लदिनीपाशी. लदीन म्हणजे खुरसासमोर, अर्थात क्रूसासमोर, गुडघे टेकून दोन आवाजांत गायची आमची पारंपरिक प्रार्थना...

लखू: मला सांगतूयास?

इनास: ठरावात तसा खुलासा लिहिलाय, म्हणून तोंडात बसलंय. आम्ही चौघांनी मोबाइलवर बघून दोन महिने सराव केला. जमत नाही. सगळेच पुढचा आवाज गातात, मागचा कुणी धरतच नाही. शेवटी शेवटी तर कोण आधी संपवतो याची शर्यत लागते. बस्त्यावमामांची वही मिळाली असती तर...

लखू: वही वाळवीनं खाल्ली.

इनास: अहो, पण आंजेलिन मावशी म्हणाल्या, लखूकडं जा, त्याच्याकडं सगळी लदीन हाय.

लखू: हाय की. वहीत न्हाई, गळ्यात हाय.

इनास: तुमच्या?

लखू: मग कुणाच्या? बस्त्याव आमच्या रेल्वे ग्यांगचा मेट, म्होरक्या. रूळ उचलताना त्यानं हाळी द्यायची, आमी जाब द्यायचा. एका वरशी त्येचा भाऊ वास्कोला कामाला गेला आन मागचा आवाज धरायला कोण ऱ्हायलं न्हाई. सण तर तोंडावर. मला म्हणला, “लख्या, रुळावर जाब देतोस तसाच दे, फकस्त हळू. लोखंड न्हाई, देव उचलायचा हाय.” एकतीस वरसं दिला जाब.

इनास: पण तुम्ही कशाला गेलात? म्हणजे... तुमचा देव वेगळा.

लखू: पैल्या वरशी चण्यासाठी गेलो. लदीन झाली की उकडलेले चणे वाटायचे, खोबऱ्याचे तुकडे घालून. दुसऱ्या वरशीबी चण्यासाठीच. तिसऱ्या वरशी चणे घ्यायचेच इसरलो. बायको लई भांडली.

इनास: मग तर सोपंच झालं! तुम्ही आम्हाला शिकवा.

लखू: शिकवतो. तुमी फुडचा आवाज धरा, मागं मी हायच.

इनास: नाही, तेवढं... ठराव क्रमांक तीन आड येतो. गाणारा बाप्तिस्मा झालेला पाहिजे. परंपरा शुद्ध राहावी म्हणून. तुम्ही शिकवून झालं की पहिल्या रांगेत तुम्हाला खुर्ची. शालसुद्धा देऊ.

लखू: शाल. मे म्हैन्यात.

आंजेलिन: दे रे, दे. आन वर तुजा तो सेलचा कंदील पेटव त्येच्या डोक्यावर.

इनास: अरे, मावशी! या, या. बस्त्यावमामा आज असते तर किती आनंद झाला असता त्यांना.

आंजेलिन: माजा नवरा असता तर तुजी फाइल चुलीत गेली असती. कुपाच्या पल्याड भाजी निवडत हुते, सगळं ऐकलं. लखू, ऊठ नको, बसते मी हितंच पायरीवर.

लखू: अक्का, तुमीच धाडलंत व्हय ह्येला माज्याकडं?

आंजेलिन: धाडलं. म्हटलं बघू, देव शोधत जातो का वही. इनास पुता, त्या यादीत माजं नाव कितवं?

इनास: ...पहिलं.

आंजेलिन: सा वरसं म्या चर्चची पायरी चढले न्हाई. कारण काय लिवलंस?

इनास: ‘गुडघेदुखी’.

आंजेलिन: सायबा! लखू, ऐकलंस? माज्या गुडघ्यांवर आळ. अरे, त्या दिवशी सिमितरीत मोबाइल कुणाच्या हातात हुता?

इनास: मावशी, ते आता...

आंजेलिन: सांग की. फाइलीत नसंल, तर म्या सांगते. साऱ्या मुलखाच्या मरणाला ज्यानं लदीन गायली, त्येला मातीत ठेवताना तू मोबाइल लावलास. त्याला डबा जोडलास, आवाज मोठा यावा म्हणून. आन मदीच काय लागलं?

इनास: जाहिरात लागली.

आंजेलिन: कशाची?

इनास: बनियनची.

आंजेलिन: बनियनची! दोन बायका हसल्या. मला तवा देवाचा राग न्हाई आला. मला वाटलं, आता हितं देवच न्हाई. एवढंच वाटलं, आन म्या घरी आले ती आलेच.

इनास: माझा हेतू चांगला होता. नवीन सिस्टीम आली होती. लखूमामा, तुम्ही त्या दिवशी आलाच नाहीत, असतात तर...

लखू: आल्तो. फाटकापाशी हुतो. तूच म्हणालास, “मामा, तुमी त्रास घेऊ नका, आता सिस्टीम हाय.”

इनास: मी म्हणालो?

लखू: हसून म्हणालास. वाईट मनानं न्हाई. म्या टोपी काढून उभा ऱ्हायलो. जाब घशापातूर आला, परत गिळला.

आंजेलिन: ह्ये मला ठावं नव्हतं, लखू.

लखू: सांगून काय करायचं, अक्का?

इनास: झालं ते झालं. पण म्हणूनच तर आम्ही परत मुळाकडे जातोय. ठराव आम्ही मनाचे नाही केलेले, पुरावा बघून केलेत. हा फोटो बघा. शहाऐंशी सालचा, खुरसासमोरचा. फादरांच्या कपाटात सापडला. यावरूनच ठराव क्रमांक चार केला, की गायला पुरुषच उभे राहायचे. बायका एकही दिसत नाही.

आंजेलिन: कशी दिसंल? बायका मागं चुलीवर चणे उकडत हुत्या. लदीन तितनंच गायची, धूर खात. बस्त्यावचा सूर चढला तर उतरवायचं काम माजं.

इनास: याची नोंद कुठे नाही.

आंजेलिन: बस्त्याव घरी घोकायचा तवा त्येच्यासंगं फुडचा आवाज कोण धरायचं? ती नोंद हाय का?

इनास: असो. फोटोचा मोठा फ्लेक्ससुद्धा छापलाय, रेल्वे फाटकापाशी लागणार. ‘ही आमची परंपरा’. हे मधले बस्त्यावमामा. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून हे मुंडासंवाले, हे पिंटोंचे आजोबा. पिंटोंनी फ्रेम करून घरी लावलाय, रोज मेणबत्ती लावतात.

लखू: बघू हिकडं. चष्मा दे तुजा.

इनास: घ्या.

लखू: ह्यो मी हाय.

इनास: छे!

लखू: मुंडासं बघ. मिंगेल पिंटोनं जल्मात मुंडासं बांधलं न्हाई, टोपी घालायचा. हातावर ह्यो डाग बघ. रूळ जोडायची फिशप्लेट पडल्याली, कुळगीच्या डागदरानं टाके घातल्याले. आन ह्यो माजा हात.

इनास: ...पिंटो रोज मेणबत्ती लावतात हो.

लखू: लावू देत. मला काय चटका बसत न्हाई.

आंजेलिन: देवा सायबा, हसून पोट दुखलं माजं. सा वरसांत अशी हसले न्हाई. इनास पुता, तुज्या शुद्ध परंपरेच्या मदोमद लखू उभा हाय. आता काय करशील? फ्लेक्स कापशील?

इनास: मीटिंग घ्यावी लागेल. कोरम लागेल. दुरुस्तीचा ठराव...

आंजेलिन: मीटिंग मागनं घे. लखू, तुला अजून येतंय का सगळं?

लखू: काय ठावं, अक्का. वर हाळी असंल तर जाब येतो. एकट्याला न्हाई येत. सा वरसं गाईमागनं फिरताना बघितलं करून. जाब एकटा लई केविलवाणा वाटतो.

आंजेलिन: मला भ्या वाटतंय रे. त्या दिसापास्नं तोंडातनं एक शबूद न्हाई काढला देवासमोर. तो ऐकंल का आता?

लखू: त्येचं त्यो बघंल. म्या तर हाय ऐकायला.

आंजेलिन: इनास, माजा हात धर. खाली टेकते.

इनास: मावशी, गुडघे...

आंजेलिन: गुडघ्यांचं नाव काढू नगंस.

(आंजेलिन शेणानं सारवलेल्या अंगणात गुडघे टेकते आणि हाळी देते. आवाज चिरका, तिसऱ्या ओळीला नीट होतो. लखू सुपारीची टोपली बाजूला ठेवून जाब देतो. इनास चपला काढतो. फाइल कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही. शेवटी ती तो गुडघ्याखाली घेतो.)

इनास: संपली?

लखू: आज एवढीच. अक्काचा दम फुलला.

इनास: हे... आम्ही दोन महिने करत होतो ते भलतंच होतं.

लखू: तुमी फुडं फुडं पळत हुता. हितं थांबायला लागतं, दुसऱ्याची ओळ होईपातूर.

आंजेलिन: इनास, रडतूस व्हय?

इनास: नाही. सुपारीची धूळ गेली डोळ्यांत. मावशी, मला माफ करा. मामा, तुम्हीपण.

लखू: पैला डोळं पूस. तुज्या त्या ठरावांचं काय?

इनास: तीन आणि चार?

लखू: व्हय.

इनास: समितीला सांगतो, ती पानं वाळवीनं खाल्ली.

लखू: क्लार्क हुतास म्हणून सुचलं.

इनास: सण पुढच्या शनिवारी. मावशी, हाळी तुमची. मामा, जाब तुमचा. चणे मी माझ्या हातानं भिजवतो. किती घालू? घरटी एक मूठ?

आंजेलिन: माजे जरा जास्त घाल, पुता. सा वरसांचे ऱ्हायलेत.