जावयाचं लाल तोंड

गोरं व्हायच्या ट्यूबचं नाव काढलं ना, तं आमच्या गजाननभाऊचं ऐका. गड्यानं मेडिकलातून गजकर्णाची ट्यूब आणली, मांडीले लावली आन् गुण आला, म्हणून तोंडालेही चोपडू लागला. "उजळते," म्हणे! वर्षभर लावली. शेवटी वाशीमचा डॉक्टर भडकला, "अहो, स्टिरॉइड आहे त्यात! कातडी पातळ झाली तुमची. बंद करा. तोंड काही महिने लालभडक होईल, पण पुन्हा लावायची नाही."

ट्यूब बंद केली आन् तोंड टमाट्यावानी झालं. सुजलं, आग होऊन राह्यली, उन्हात गेला की डोळ्याले धार.

तेवढ्यात रिठद गावाले त्याचे सासरे वारले. लग्नातल्या मानपानावरून भाऊ रुसला होता, तवापासून सासऱ्याशी बोलणं बंद. तरी मयतीले गेला. त्याले पाहून सासूनं हंबरडाच फोडला, "पोरायच्या डोळ्यात टिपूस नाही, आन् जावयानं पाहा रडून रडून तोंड सुजवलं!" सारं गाव हळहळलं. भाऊनंही रुमाल काढून डोळ्याची धार पुसली.

आता एवढी इज्जत मिळाली, तं गप बसावं ना? नाही! तेरवीले पाहुणे येतीन म्हणून गड्यानं चोरून पुन्हा ट्यूब लावली. तोंड कसं गुळगुळीत, गोरंपान!

सासूनं जवळ बोलावलं, तोंड निरखून पाह्यलं आन् साऱ्या पाहुण्यायच्या देखत म्हणे, "काहो जावाई, तेरवी जेवेपर्यंत तरी दुःख टिकवाचं होतं!"