आय ॲम कमिंग, सर

सुनंदा वहिनी, इरा आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. आम्हा वसईच्या बायकांना चर्चमध्ये उभं राहून वाचायची सवय असते, पण तिथे समोर लिहिलेलं असतं. इथे काहीच लिहिलेलं नाही आणि समोर खैरनारांचा फोटो आहे. फोटोतसुद्धा चेहरा असा, की कोणीतरी ‘बसा’ म्हणावं म्हणून थांबलेत. त्यांच्याकडे बघून मला बोलता येणार नाही. मी त्या एसीकडे बघून बोलते. राग मानू नका.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सिसिलिया डाबरे. खैरनार इथे दोहात आमच्या कंपनीत पाइपलाइनचे इंजिनिअर, मी त्याच खात्यात सेक्रेटरी. आमची टेबलं समोरासमोर. आम्हा दोघांचे साहेब मिस्टर कॉलिन्स, इंग्लंडचे. तेही आज आलेत. तिसऱ्या रांगेत, खैरनारांच्या लेकीच्या, इराच्या शेजारी बसलेत. वळून बघू नका. बघू नका म्हटलं ना? झालं, सगळ्यांनी बघितलं.

त्यांना मराठी येत नाही. एक शब्द येतो, त्याचं पुढे सांगते. इरा त्यांच्या कानात इंग्रजीत सांगतेय. इरा, सगळंच सांगू नकोस हं बाळा. कुठे गाळायचं ते मी खुणेनं सांगेन.

तर कॉलिन्स साहेब नवीन आले, त्या पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. खैरनारांनी डबा पिशवीत घातला, खुर्ची आत सारली, साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, “सर, आय ॲम कमिंग.” आणि घरी गेले.

साहेब बसले. खैरनार येतायत, म्हणजे काहीतरी काम असणार. बसले आपले वाट बघत. सगळं ऑफिस रिकामं झालं, मीही निघाले, साहेब बसलेच. सफाईवाल्यानं दिवे घालवले तेव्हा कुठे उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “मिस्टर खैरनार, काल तुम्ही कुठे गेलात?”

“घरी, सर.”

“पण तुम्ही तर येतो म्हणालात.”

“यस सर,” खैरनार म्हणाले. “आलो की.”

हसा, हसा. वहिनी हसतायत, मग तुम्हाला कसली चोरी?

साहेबांनी मला आत बोलावलं. मी त्यांना समजावलं, की आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणतात. साहेब म्हणाले, छान आहे, पण इंग्रजीत ते चूक आहे. त्यांना सांगा, ‘आय ॲम गोइंग’ म्हणत जा. मी येऊन खैरनारांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “सिसिलियाताई, अहो, घरी निघायच्या वेळेला, भरल्या ऑफिसात, तोंडानं ‘जातो’ म्हणू? एकदा आमचे काका रागाच्या भरात ‘जातो’ म्हणून घराबाहेर पडले होते.”

मी घाबरून विचारलं, “मग? काय झालं?”

“काही नाही. पानतंबाखू घेऊन परत आले. पण तोवर आजीनं घर डोक्यावर घेतलं होतं.”

मी म्हटलं, मग ‘बाय’ म्हणा. तर म्हणे, बाय लहान मुलांना करतात, साहेबाला नाही. ‘गुडबाय’? ते म्हणे कायमचं वाटतं. गुरुवारी, दोन दिवसांच्या सुट्टीला निघताना ‘सी यू संडे’ म्हणा, म्हटलं. तर म्हणे, रविवारी भेटणं आपल्या हातात असतं का? मी म्हटलं, मग पुढे इन्शाल्ला जोडा, अख्खं दोहा जोडतं. ते म्हणाले, “त्यासाठी देवाला कशाला मध्ये घालायचं? घरीच तर...” आणि थांबले. कारण पुढचा शब्द ‘जातोय’ होता. बोलणार कसा?

शेवटी त्यांनी आपलं आपणच ठरवलं. दुपारी चार वाजता, बाहेर डोळे उघडवत नाहीत असं ऊन, आणि दारात उभं राहून हे म्हणायचे, “गुड नाइट, सर.” साहेब म्हणाले, गुड नाइट झोपताना म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आय ॲम कमिंग सुरू. साहेबांनी हात टेकले. आता मात्र ते वाट बघत बसायचे नाहीत. नुसती मान वर करून म्हणायचे, “ओके.”

आता पुढचं सांगताना मी हसणार नाही. इरा, हे सांग त्यांना. गाळू नकोस.

कंपनीनं आम्हाला चांगलं इंग्रजी शिकवायला एक बाई आणल्या. त्यांनी वर्गात विचारलं, तुमच्याकडे कोणते चुकीचे प्रयोग होतात? आणि वर्ग बघायला आलेल्या आमच्या साहेबांनी, अगदी मजेमजेत, वाट बघत बसल्याची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. पण नाव घ्यायची गरज होती का? सगळा वर्ग हसला. मी हसले. खैरनारही हसले.

दुसऱ्या दिवसापासून ते न बोलता जायला लागले.

भांडण नाही, रुसवा नाही. काम चोख, गुड मॉर्निंग वेळेवर. फक्त संध्याकाळी पिशवी उचलायची आणि मान खाली घालून निघायचं. मंडळी, खैरनारांसारखा माणूस कोणाचा निरोप न घेता निघतो, म्हणजे त्याला किती लागलं असेल? वहिनींना ठाऊक आहे. हा माणूस घरातून निघताना देवाला सांगायचा, वहिनींना सांगायचा, आणि इरा झोपलेली असली तर तिच्या बंद दारालाही सांगून निघायचा.

आणि साहेब? रोज चार वाजले की साहेबांची मान वर व्हायची. दारात कोणी नाही. एकदा मला म्हणाले, “सिसिलिया, खैरनार गेले?” मी म्हटलं, “हो.” म्हणाले, “येतो म्हणाले नाहीत.” मी मनात म्हटलं, आता कळलं का?

कळलं होतं त्यांना. एका गुरुवारी साहेबांनी स्वतःची बॅग घेतली, केबिनमधून बाहेर आले आणि खैरनारांच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. अगदी खैरनारांसारखे, बॅग पोटाशी धरून. आणि म्हणाले, “मिस्टर खैरनार, आय ॲम कमिंग.”

मला वाटलं, हे आता चिडवणं झालं. पण खैरनारांनी वर बघितलं, खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि म्हणाले, “कम, सर. कम स्लोली.”

सावकाश या. दुसरं काय म्हणतो आपण?

तेव्हापासून रोज हाच प्रकार. जो आधी निघेल तो म्हणणार, जो राहील तो ‘कम’ म्हणणार. बाकीची माणसं बघत राहायची. पुढे खैरनारांनी त्यांना मराठी शब्दही शिकवला. साहेब लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा ‘येतो’ म्हणायचे.

आणि मग तो शुक्रवार आला. सकाळी वहिनींचा फोन. छातीत दुखलं म्हणाले, आणि डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं. फरीज बिन ओमरान भागातल्या त्यांच्या घरी आम्ही सगळे धावलो. साहेबही आले. खाली जमिनीवर बसले. एवढा उंच माणूस, पाय कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. निघताना वहिनींपुढे हात जोडले आणि स्पष्ट म्हणाले, “येतो, वहिनी.”

तुमच्यातले पुष्कळ जण तिथे होतात. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आठवतं? अशा घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. मुकाट्यानं उठून जायचं. माझ्या आईनंही मला हेच शिकवलंय. मी मनात म्हटलं, अरे देवा, इतक्या वर्षांत शिकवलेला एकच शब्द, तो नेमका इथे. कोणीतरी साहेबांचा हात धरून त्यांना बाहेर न्यायला उठलंसुद्धा.

आणि वहिनींनी मान वर केली. डोळे पुसले. म्हणाल्या, “या.”

वहिनी, तुम्ही त्यांना सांभाळून घेतलंत. त्या दिवशी तुम्हाला कोणीतरी सांभाळायचं होतं, आणि तुम्ही त्यांना सांभाळलंत.

आता एक शेवटचं, मग बसते. गावी, नाशिकला सगळं उरकून वहिनी आणि इरा इथलं घर आवरायला परत आल्यात, म्हणून आज सांगायला हवं. माझ्याकडे एक निरोप राहिलाय.

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशीची, गुरुवारची संध्याकाळ. साहेब फोनवर होते, पाठमोरे. खैरनार पिशवी घेऊन दारात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. फोन काही संपेना. मग माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, “साहेबांना डिस्टर्ब नको. त्यांना सांगा, येतो म्हणून.”

मी म्हटलं, “या.”

साहेबांनी मला नंतर विचारलं, त्या दिवशी ते काही म्हणाले का गं? मला सांगता येईना. इंग्रजीत सांगायचं तर ‘ही सेड ही इज कमिंग’ एवढंच होतं. ते ऐकून हा माणूस पुन्हा दिवे जाईपर्यंत वाट बघत बसला तर? म्हणून नाही सांगितलं. मराठीत मात्र मला सांगता येतं.

कॉलिन्स साहेब, खैरनार निघताना येतो म्हणाले.

इरा, हे सांग त्यांना. सावकाश सांग. रडलीस तरी चालेल, आम्ही थांबतो.

...

सांगितलंस? बरं.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. नंतर रीतीप्रमाणे कोणी काही न बोलता घरी जायचं असतं. पण आज मी रीत मोडणार आहे. दारातून बाहेर पडताना ज्याला वाटेल त्यानं फोटोकडे बघून तो एक शब्द म्हणावा. वहिनी दारात उभ्या असतील. त्या काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

खैरनार, येते.