पुनवेआधी निघालेला बोल्ट

"गंजलेल्या बोल्टावर पान्याला पाइप लावून जोर करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आतच तुटला, तरी घरात ब्र काढला नाहीत!"

रत्नागिरीहून नाटे गावाला निघालेल्या एसटीत मागल्या बाकावरची बायको नवऱ्याला झाडत होती. त्याच्या मांडीवर गोणपाटात होडीच्या इंजिनाचं हेड होतं. पुढे बसलेल्या चिमाकाकींचे कान मागेच.

"निघाला ना पण!"

"वेल्डिंगवाल्याने काढला. तुटक्या टोकावर नट जोडला नि हलक्या हाताने फिरवला."

"म्हणजे नारळी पुनवेला होडी दर्यात! सुटलो बाबा."

"दर्याला नारळ मात्र तुमचे आबाच सोडतील."

"का? यंदा मान माझा!"

चिमाकाकी गर्रकन वळल्या. "सोड रे मेल्या, तूच सोड. पण हळू. दर्या काय गंजलेला नाही!"