चिलखत आणि क्रेन

शुक्रवार, संध्याकाळचे पाच. ओमानमध्ये, बौशरला मराठी मंडळाची ऐतिहासिक देखाव्यांची स्पर्धा. माझी भाची मुक्ता युरोपातला मध्ययुगीन सरदार झाली होती, अंगावर खरं पोलादी चिलखत. शेजारच्या देखाव्यातल्या सरदारासाठी इंजिनिअर पाटणकरांनी चक्क क्रेन आणली होती!

"अहो पाटणकर, हे काय?"

"साहेब, चिलखत एवढं जड, की सरदारांना असंच उचलून घोड्यावर बसवायचे. जगजाहीर आहे!"

"दंतकथा आहे ती! रणात खाली पडला, तर क्रेन काय शत्रू पाठवणार?"

तेवढ्यात आमच्या भाड्याच्या घोड्याचा ओमानी मालक ओरडला, "यल्ला!" म्हणजे, चला! मुक्तानं रिकिबीत पाय घातला आणि चिलखतासकट एका झेपेत वर! सगळं मैदान टाळ्यांनी दणाणलं.

'इतिहासाशी सर्वांत प्रामाणिक देखावा' हे बक्षीस क्रेनला मिळालं. का, ते परीक्षकांनी अजून सांगितलेलं नाही.