खुंटीवरची आकडी

आमचं गाव पालीपासून आत, पूर्वी चालत यायचं, आता रिक्षा दारापर्यंत येते. जन्म इथलाच, घर शेतकऱ्याचं. पुढे मी रत्नागिरीत एका कचेरीत शिपाई झालो, तरी सुट्टी पडली की इथंच. तुम्ही जुन्या अवजारांची नावं लिहून घेत फिरताय, आणि तुमच्या यादीत पहिलंच नाव आकडी, आता काय सांगू तुम्हाला, दुसरं कुठलंही विचारलं असतंत तर मी भराभर सांगून मोकळा झालो असतो.

आकडी म्हणजे लाकडाचा वीतभर तुकडा, त्याला खाच, दोरीने कमरेला मागच्या बाजूला बांधायचा आणि खाचेत कोयता अडकवायचा. एवढंच. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात, तोच तिचा उपयोग. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, त्यासाठी ऐनाच्या पानासकट फांद्या तोडाव्या लागतात, ती कवळं. त्याला उंच चढावं लागतं.

मी विशीत होतो. कवळं तोडायला रानात गेलो, तर आबा, म्हणजे माझे वडील, आकडी घरी विसरलेले. मला म्हणाले, जा रे, खुंटीला हाय, घेऊन ये. चढणीची वाट, ऊन. वाटेत पोरं क्रिकेट खेळत होती, कुठं चाललास विचारलं, मी सांगितलं, तर एकजण म्हणाला, जा जा, बापाचं शेपूट घेऊन ये. सगळे हसले, मला लाज वाटली, मी तिथंच थांबलो, एक ओव्हर टाकली, दुसरी टाकली, आणि परत जाऊन सांगितलं की खुंटीला नाही. घरापर्यंत मी गेलोच नव्हतो. आबा म्हणाले, नसंल, आणि कोयता हातात धरून चढले. पडले. कोयता त्यांच्याच मनगटावर आला. उजव्या हाताची तीन बोटं तेव्हापासून मिटत नाहीत.

इस्पितळातून घरी आणलं तर आकडी खुंटीला, त्यांच्या अंथरुणासमोर. काढून लपवावी तर तेही कबूल केल्यासारखंच, म्हणून मी हात लावला नाही.  दर दसऱ्याला अवजारं पुजताना ते मला सांगतात, आकडी काढ रे, मी काढून देतो, ते डाव्या हाताने तिच्यावर झेंडूचं फूल ठेवतात. तीस वर्षं झाली, मी काढून देतोय.

आणि आज तुम्ही विचारलंत. म्हणून मघाशी तुम्हाला इथं बसवून पडवीत गेलो, म्हटलं, आबा, तेव्हा ती खुंटीलाच होती, मी घरी आलोच नव्हतो. ते म्हणाले, ठाव हाय, खुंटी मीच ठोकलेली. एवढंच म्हणाले, आणि कातरायला सुपारी माझ्यापुढे केली. मग म्हणाले, पाव्हण्यांना दाव आकडी, पण देऊ नको, दसऱ्याला लागंल.

ही बघा. लाकूड तेच आहे, दोरी मी दरवर्षी बदलतो. आता कोणी चढत नाही. हातात घेऊन बघा, काय लिहायचं ते लिहा, मग मी परत खुंटीला लावतो.